आराम फ्रेममध्ये की टायरमध्ये? रोड बाईकची दीडशे वर्षं

आजचा भाग सायकलवर आहे. तो करायचं कारण म्हणजे एकच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांकडून सारखा येतोय. "रोड बाईक घ्यायचीय, लांब पल्ला मारायचाय, पण मान, पाठ आणि मनगटं शाबूत राहायला हवीत. तर फ्रेम कुठली घेऊ? अॅल्युमिनियम, स्टील की कार्बन?" विचारणारे बहुतेक जण पहिल्या नोकरीतले. साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढलेले असतात, आणि ते चुकीच्या सायकलवर गेले तर ती सायकल दोन महिन्यांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरली जाते. असे नमुने तुमच्याही ओळखीत असतील.

मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो, सायकलचं दुकान चालवत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासात चांगलं सापडतं, कारण "धातू कुठला?" हा प्रश्न सायकलच्या जन्मापासून नव्हता. तो नंतर आला. त्याआधी लोक वेगळंच काहीतरी विचारत होते.

पॅरिसपासून सुरू करू. १८६०च्या दशकात तिथे मिशो नावाच्या लोहाराच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पॅडल लावलेली सायकल बनायला लागली. चाकं लाकडाची, आणि त्यावर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. रस्ते दगडी. सीट एका लांब पोलादी पट्टीवर बसवलेली, म्हणजे थोडी तरी स्प्रिंग मिळावी. ही सायकल इंग्लंडमध्ये गेल्यावर लोकांनी तिचं नाव पाडलं 'बोनशेकर', म्हणजे हाडं खिळखिळी करणारी. आरामाचा प्रश्न इतका जुना आहे.

त्यानंतर आली ती उंच चाकाची सायकल. पुढे माणसाच्या छातीएवढं चाक, मागे एवढंसं. चेन नव्हती, त्यामुळे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाची एकच फेरी. वेग हवा तर चाक मोठं करा, एवढाच मार्ग. पण मोठ्या चाकाचा एक फायदा असा झाला की ते खड्ड्यात पडायच्या ऐवजी खड्ड्यावरून जायचं, आणि वर घन रबर होतं. म्हणजे बसणाऱ्याला ती बोनशेकरपेक्षा पुष्कळ बरी. फक्त पुढे दगड लागला की माणूस हँडलवरून थेट डोक्यावर पडायचा.

म्हणून १८८५ साली कॉव्हेंट्रीमध्ये जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर नावाची 'सेफ्टी' सायकल काढली. दोन्ही चाकं साधारण सारखी, चेन मागच्या चाकाला. आज आपण जिला सायकल म्हणतो ती इथून सुरू होते. माणूस जमिनीच्या जवळ आला, पडण्याची भीती गेली. पण चाक लहान झालं आणि टायर घन रबराचेच राहिले, त्यामुळे हादरे परत आले.

मग कारागिरांनी काय केलं? फ्रेममध्येच स्प्रिंगा घातल्या. लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज यांची 'व्हिपेट' नावाची सायकल होती, तीही १८८५ चीच. तिच्यात सीट, हँडल आणि पॅडल हा सगळा भाग एकत्र धरून बाकीच्या सांगाड्यावर स्प्रिंगनं टांगलेला होता. चाक खड्ड्यात गेलं तरी बसणाऱ्याचं सीट आणि पॅडलमधलं अंतर बदलत नसे. काय डोकं आहे बघा. आजच्या महागड्या सायकलींच्या जाहिराती जे सांगतात, तेच. आणि तीच व्हिपेट चार-पाच वर्षांत कालबाह्य झाली. तिला मारलं एका जनावरांच्या डॉक्टरनं.

जॉन बॉइड डनलॉप. मूळचा स्कॉटिश, राहायला बेलफास्टला. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते म्हणून त्यानं चाकाला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (नंतर कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं हीच कल्पना १८४५ मध्ये घोडागाडीसाठी नोंदवली होती, आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. नाव मात्र डनलॉपचंच झालं.)

आता खरी गंमत ऐका. डनलॉपला हवा होता आराम. पण मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून शर्यतीत उतरला. लोक हसले असणार, कारण ते टायर दिसायला फार विचित्र होते. आणि तो जिंकत गेला. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ मिशेलिनचे काढता-घालता येणारे हवेचे टायर लावून सुमारे १२०० किलोमीटर तीन दिवसांच्या आत मारून पहिला आला.

म्हणजे हवेमुळे आराम आणि वेग दोन्ही एकदमच आले. असं का, ते समजायला सोपं आहे. घन टायर खड्याला धडकला की अख्खी सायकल आणि वर बसलेला माणूस उचलला जातो. ती उचलण्याची ताकद तुमच्याच पायातून जाते. हवेचा टायर खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो, बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं. आरामदायक टायर वेगवान ठरला तो यामुळे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची जवळपास सत्तर-ऐंशी वर्षं शर्यतीचं जग हे विसरणार आहे.

एकदा हवा आली आणि स्प्रिंगवाल्या फ्रेम गेल्या. उरली ती साधी 'डायमंड' फ्रेम, दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवलेली. आजही तुम्ही दुकानात जी रोड बाईक बघता तिचा आकार तोच. त्रिकोण हा असा आकार आहे की तो उभ्या दाबाखाली जवळपास दबतच नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलाला त्रिकोण असतात ते उगाच नाही. तेव्हा एखाद्या फ्रेमचं "ही फार मऊ चालते" असं वर्णन कुणी केलं की थोडं थांबा. ते दबणं मिलिमीटरच्या अंशात असतं. त्याच वेळी टायर कित्येक मिलिमीटर दबत असतो. सीटची दांडी थोडी वाकते, पुढचा चिमटा थोडा वाकतो. यात फ्रेमचा वाटा सगळ्यात लहान.

स्टीलच्या बाजूनंही बोललं पाहिजे. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनं नळीचं असं पेटंट घेतलं की जिची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जोड पक्का, वजन कमी. १९३५ मध्ये याच कंपनीची '५३१' नावाची नळी आली आणि पुढची कित्येक दशकं चांगली रेसिंग सायकल म्हणजे ५३१ असं समीकरण होतं. पातळ भिंतीची, बारीक नळीची स्टीलची फ्रेम हाताला जिवंत लागते हे अनेक अनुभवी सायकलस्वार सांगतात, आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. पण त्या सायकलींना लांब, पुढे वळवलेला बारीक चिमटा असायचा, सीट कातड्याची असायची, हँडल फार खाली नसायचं. श्रेय मात्र सगळं स्टीलला मिळालं.

रेनॉल्ड्सचा आपल्याशी एक संबंध आहे. १९२८ पासून रेनॉल्ड्स ही ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश समूहाचा भाग होती. त्याच समूहाकडे पुढे हर्क्युलिस सायकल आली, आणि त्यानंच १९४९ मध्ये मद्रासच्या मुरुगप्पा कुटुंबाबरोबर टीआय सायकल्स काढली. आपल्या आजोबांची काळी हर्क्युलिस ती हीच. म्हणजे टूर द फ्रान्सच्या सायकलींच्या नळ्या आणि गावाकडे दुधाचे कॅन वाहणारी सायकल एकाच घराण्यातल्या.

आता त्या काळ्या सायकलीकडे नीट बघा. तिची सीटची नळी बरीच मागे कललेली असते. दोन चाकांमधलं अंतर लांब. हँडल सीटच्या उंचीला किंवा वर. सीटखाली जाड स्प्रिंगा. आणि टायर २८ बाय दीड इंच. दीड इंच म्हणजे जवळपास चाळीस मिलिमीटर! वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे चढावर जीव जातो हे खरंच. पण कच्च्या रस्त्यावर आरामात बसून जाण्यासाठी काय काय लागतं, हे सगळं त्या सायकलीत होतं. आणि आज 'ग्रॅव्हल बाईक' म्हणून लाखभर रुपयांना जे विकलं जातं त्याच्या जाहिरातीत काय लिहितात? लांब व्हीलबेस, चाळीस मिमी टायर. आजोबा फक्त बघत राहिले असते.

मग मधल्या काळात झालं काय? माझं मत सरळ आहे. शर्यतींनी ठरवलं की सायकल कशी दिसावी, आणि बाकी सगळ्यांनी ते मान्य केलं.

फ्रान्समध्ये सँ-एतिएन गावात पॉल द विवी नावाचा एक माणूस होता. 'वेलोसिओ' या टोपणनावानं लिहायचा, १८८७ पासून सायकलवर मासिक चालवायचा. स्वतः डोंगरात मैलोन्मैल फिरून प्रयोग करायचा. गिअर हवेत, टायर रुंद हवेत, असं तो कानीकपाळी ओरडत होता. त्याच्या समोर उभा होता टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज. देग्रांजच्या मते गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, खरा वीर एकाच गिअरवर डोंगर चढतो. टूरमध्ये डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोपर्यंत वेलोसिओच्या वाटेनं जाणारे हौशी फिरस्ते गिअर वापरून निवांत घाट चढत होते. त्यांच्यासाठी रने एर्स, आलेक्स सँजेर यांच्यासारखे पॅरिसचे कारागीर हलक्या, रुंद टायरच्या, मडगार्ड लावलेल्या अप्रतिम सायकली बनवत होते. पण वर्तमानपत्रात फोटो यायचा तो टूर जिंकणाऱ्याचा.

एक किस्सा तर फारच बोलका आहे. शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच माणसानं 'वेलोकार' बनवली. तिच्यावर खुर्चीत रेलल्यासारखं बसायचं, पाय पुढे. मान आणि मनगटावर शून्य भार. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर हा दुय्यम दर्जाचा समजला जाणारा रेसर तिच्यावर बसला आणि एका तासात ४५ किलोमीटरांहून जास्त अंतर कापून त्यानं विक्रम मोडला. यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं काय केलं? १९३४ मध्ये सायकलीची व्याख्याच अशी लिहिली की वेलोकार बाहेर. ती बंदी आजही आहे. शर्यतीत वापरता येत नाही, म्हणून मोठे कारखाने ती बनवत नाहीत, म्हणून दुकानात नसते, म्हणून तुम्ही ती कधी पाहिलीच नाही. तुमच्या पाठीचा निर्णय १९३४ मध्ये एका बैठकीत लागला म्हणा ना.

युद्धानंतर युरोपात रस्ते डांबरी होत गेले आणि टायर बारीक होत गेले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत २३, २१, कधी २० मिलिमीटर. हवा दगडासारखी, शंभर-एकशे वीस पीएसआय. का? कारण कडक टायरवर सायकल थरथरते आणि थरथर म्हणजे वेग असं शरीराला वाटतं. विली ह्यूमचा धडा कुणाच्या डोक्यात राहिला नव्हता. आणि सायकल कंपन्यांनी ब्रेक आणि चिमटे असे बनवले की जाड टायर घालायचा म्हटलं तरी जागाच नाही.

'धातू कुठला' हा प्रश्न इथे जन्माला येतो. टायरमधली हवा गेली, त्यामुळे जो काही आराम उरला तो लोक फ्रेममध्ये शोधायला लागले.

अॅल्युमिनियमचीच गोष्ट घ्या. "अॅल्युमिनियम फ्रेम फार धक्के देते" हे आजही दुकानात ऐकायला मिळतं. ऐंशीच्या दशकात दोन प्रकारच्या अॅल्युमिनियम फ्रेम होत्या. एक फ्रान्सची व्हिटस. स्टीलइतक्याच बारीक नळ्या, गोंदानं चिकटवलेल्या. ती इतकी लवचिक होती की लोक तक्रार करायचे, जोर लावला की वळवळते. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकत होता. दुसरा प्रकार अमेरिकेतला, क्लाइन आणि कॅननडेल यांचा. नळ्या मनगटाएवढ्या जाड आणि फ्रेम लोखंडी कपाटासारखी ताठ. धातू तोच, स्वभाव उलटा. म्हणजे फरक नळीच्या जाडीचा, आकाराचा. पण बदनामी धातूच्या नावावर जमा झाली.

कार्बन त्यानंतर. १९८६ च्या टूरमध्ये ग्रेग लेमाँड आणि बर्नार्ड इनो यांच्या हाताखाली लुक कंपनीची कार्बन फ्रेम होती. कार्बनचं वैशिष्ट्य असं की धागे कुठल्या दिशेला घालायचे ते बनवणारा ठरवतो, त्यामुळे एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला मऊ असं करता येतं. हे खरं आहे. पण "करता येतं" आणि "तुमच्या सायकलीत केलंय" यात फरक असतो. शर्यतीसाठी बनवलेली कार्बन फ्रेम भयंकर ताठ असू शकते.

या सगळ्या वादाची परीक्षा दरवर्षी एप्रिलमध्ये उत्तर फ्रान्समध्ये होते. पॅरिस-रुबे. १८९६ पासूनची शर्यत, अडीचशेहून जास्त किलोमीटर, त्यातले पन्नासहून जास्त किलोमीटर ओबडधोबड घडीव दगडांचे. आरेनबर्गच्या जंगलातला टप्पा तर असा आहे की टीव्हीवर बघूनही आपले दात वाजतात. तिथे सिद्धांत चालत नाहीत. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल तिथे पुढे माउंटन बाईकसारखा रॉकशॉक्सचा शॉक अॅब्सॉर्बर लावून जिंकला. दुसऱ्यांदा तर अडतिसाव्या वर्षी. १९९४ मध्ये योहान म्युसेऊ पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घेऊन आला, पण जिंकला नाही. हळूहळू ही साधनं शर्यतीतून गेली. वजन, गुंतागुंत, आणि पॅडल मारताना वाया जाणारा जोर.

त्यानंतर कंपन्यांनी वेगळी वाट धरली. २००४ साठी स्पेशलाइज्डनं एक सायकल काढली, नावच 'रुबे'. हँडलची बाजू उंच, व्हीलबेस लांब, फ्रेममध्ये रबरी तुकडे. २००८ मध्ये टॉम बोनेन तिच्यावर पॅरिस-रुबे जिंकला. २०१२ मध्ये ट्रेकनं फाबियान कान्सेलारासाठी 'डोमाने' आणली, जिच्यात सीटची नळी वरच्या नळीला पक्की जोडलेली नाही, एका सांध्यावर मागे-पुढे झुलते. या वर्गाला 'एन्ड्युरन्स' म्हणतात. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी खरी रोड बाईक ही.

पण सगळ्यात मोठा बदल फ्रेममध्ये झालाच नाही. तो ब्रेकमध्ये झाला. जुना ब्रेक टायरच्या वरून कवेत घेतो, म्हणून टायरच्या जाडीला मर्यादा. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यभागी असतो. २०१८ मध्ये रोड रेसमध्ये डिस्कला कायमची परवानगी मिळाली आणि टायरवरचं कुलूप निघालं. आज पॅरिस-रुबेला ३० ते ३२ मिलिमीटरचे टायर अगदी नेहमीचे आहेत. आणि वेग? कमी झाला नाही. २३ च्या टायरपेक्षा ३२ च्या टायरमध्ये जवळपास दुप्पट हवा मावते, त्यामुळे ती साठ-सत्तर पीएसआयवर चालवता येते. डनलॉपकडे परत यायला सायकलीला सव्वाशे वर्षं लागली.

तर आता तुमचे साठ-सत्तर हजार. मी घेत असेन तर धातूचा रकाना सगळ्यात शेवटी वाचेन. आधी बघेन की फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो. ३२ मावत असेल तर पुढे बोलायचं. २५ वरच थांबत असेल तर ती कार्बनची असली, तिच्यावर कुठल्या विजेत्याची सही असली, तरी नमस्कार करून निघायचं. आपल्याकडे घाटात रम्बलरच्या पट्ट्या असतात आणि पावसाळ्यानंतर सर्व्हिस रोडची चाळण झालेली असते. आपली पॅरिस-रुबे बारमाही आहे.

दुसरं म्हणजे स्टॅक आणि रीच. कंपनीच्या वेबसाइटवर तक्ता असतो, घाबरू नका. पॅडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. त्याच मापाच्या रेसिंग फ्रेमपेक्षा एन्ड्युरन्स फ्रेमचा स्टॅक साधारण २० ते ३० मिलिमीटर जास्त असतो. ऐकायला काही नाही, पण पाच तासांनंतर तेवढ्यानंच मान उचलून रस्ता बघता येतो की नाही ते ठरतं. हाताला मुंग्या येणं, मानेत उसण भरणं यांचं कारण बहुतेक वेळा इथे असतं, आणि दोष मात्र अॅल्युमिनियमला जातो. माप चुकलं तर जगातली कुठलीही फ्रेम आरामशीर होत नाही, तेव्हा सेलमध्ये एक साइज मोठी स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका. प्लीज.

तिसरं, कमी महत्त्वाचं, पण विचारा. सीटची दांडी गोल आणि बारीक, २७.२ मिलिमीटरची आहे का? ती जाड दांडीपेक्षा जास्त वाकते. फ्रेमची वरची नळी मागे उतरती असेल तर दांडी जास्त बाहेर राहते, आणखी थोडा फायदा. उतरती नळी रोड बाईकमध्ये रुजवली ती नव्वदच्या दशकात माइक बरोज या इंग्रज डिझायनरनं, जायंट कंपनीसाठी. कंपनीला त्यात कमी साइज बनवून चालायचं, हा तिचा फायदा. दांडी वाकते, हा आपला.

एवढं जुळलं तर अॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. स्टील आवडत असेल तर स्टील घ्या, ते सुंदर दिसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. कार्बन परवडत असेल तर आनंद आहे.

पुण्या-मुंबईचे जे लोक ब्रेव्हे करतात, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, त्यांच्या सायकली एखाद्या रविवारी पहाटे स्टार्ट पॉइंटला जाऊन बघा. स्टील, अॅल्युमिनियम, कार्बन, सगळं दिसेल. मग वाकून टायरची रुंदी वाचा, ती बाजूला छापलेली असते. यांच्यातलेच काही जण तेराँनं जिंकलेल्या त्याच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात. ती आता शर्यत नाही, पण दर चार वर्षांनी भरते आणि १२०० किलोमीटरना नव्वद तास मिळतात. त्यांना विचारा की रात्री तीन वाजता त्यांचं काय दुखत होतं. दुकानदारापेक्षा चांगलं उत्तर मिळेल.

पुढच्या भागात देग्रांजकडे परत जाऊ. गिअरवर इतकी वर्षं बंदी ठेवणाऱ्या या माणसानं टूर द फ्रान्स मुळात सुरू का केली, त्यामागे एका वर्तमानपत्राचा खप आणि फ्रान्समधलं एक मोठं राजकीय भांडण होतं. तोवर टायरमधली हवा तपासा. भेटू.